सर्व्हर मिळायला तीन आठवडे आणि खर्चाचा पत्ता नाही: हायब्रिड क्लाउडमध्ये सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कंपनी पुण्याची. नवी मुंबईतल्या भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरवर सहाशेच्या आसपास व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, आहेत. शिवाय अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये आणि मायक्रोसॉफ्टच्या अझुर क्लाउडच्या पुण्यातल्या रीजनमध्ये काही अ‍ॅप्लिकेशन चालतात. डेटा सेंटर आणि क्लाउड अशी ही मिश्र, म्हणजे हायब्रिड, रचना. नवा सर्व्हर मागितला की हातात पडायला तीन आठवडे लागतात. फायनान्स दर महिन्याला विचारते की बिल कोणामुळे वाढले, आणि सांगता येत नाही. मग सर्व्हर कोडमधून उभे करणारे टेराफॉर्म घ्यावे, त्यांची आतली मांडणी करणारे अ‍ॅन्सिबल घ्यावे, की सगळे एकाच जागी करणारे महागडे क्लाउड मॅनेजमेंट प्लॅटफॉर्म विकत घ्यावे?

टूलविषयी शेवटी बोलतो, कारण त्याआधी ठरवायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. सर्व्हर लवकर मिळणे आणि खर्च कळणे हे तुम्ही दोन प्रश्न म्हणून मांडले आहेत. माझ्या कामात मला ते नेहमी एकाच दुखण्याचे दोन परिणाम दिसले. सर्व्हर कोणासाठी, कोणत्या अ‍ॅप्लिकेशनसाठी आणि किती काळासाठी हवा आहे, हे मागणी करणाऱ्याला त्या दिवशी पक्के ठाऊक असते. ती माहिती मेलमध्ये किंवा तिकिटाच्या मोकळ्या मजकुरात पडून राहते, सर्व्हरबरोबर जात नाही. वर्षभराने खर्चाच्या बाजूने तीच माहिती शोधायला निघालात, तर मागणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो आणि सर्व्हर बंद करायला कोणी धजावत नाही. मागणीच्या अर्जातूनच यंत्राने सर्व्हर उभा केला, तर ही माहिती पहिल्या क्षणापासून त्याला चिकटून राहते. वेग वाढतोच, पण ऑटोमेशनचा मोठा लाभ मी या नोंदीत मानतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. उद्योग कोणता हे तुम्ही लिहिलेले नाही. बँक किंवा मोठी एनबीएफसी (बँकेतर वित्त कंपनी) असाल, तर रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगवरचे एप्रिल २०२३ चे मास्टर डायरेक्शन १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. क्लाउडवरची देखरेख, ऑडिट आणि तिथून बाहेर पडण्याची योजना यांची जबाबदारी तुमच्यावरच राहते. तिथे मंजुरीची पायरी काढून टाकायच्या भानगडीत पडू नका, फक्त तिची नोंद यंत्राकडे सोपवा. दुसरे म्हणजे टीममध्ये गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे टूल) वापरून कोड लिहिणारी, तो एकमेकांचा तपासणारी दोन-तीन माणसे हवीत. ती नसतील तर पुढचे सगळे सहा महिने लांबणीवर टाका आणि आधी माणसे तयार करा. विकत घेतलेल्या प्लॅटफॉर्मने ही उणीव भरून निघत नाही.

आता ते तीन आठवडे. काहीही विकत घेण्याआधी पूर्ण झालेली वीस-पंचवीस तिकिटे काढा आणि प्रत्येक टप्प्याची तारीख-वेळ एका शीटमध्ये लिहा. टेम्प्लेटवरून व्हीएम क्लोन व्हायला, म्हणजे तयार नमुन्याची नक्कल व्हायला, काही मिनिटे लागतात. बाकीचा वेळ मंजुरीची वाट पाहण्यात, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळण्यात, फायरवॉलचा नियम उघडण्यात, डोमेनला (कंपनीच्या लॉगिन व्यवस्थेला) जोडण्यात, बॅकअप आणि मॉनिटरिंग लावून घेण्यात जातो. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या टीमकडे असते आणि प्रत्येक टीमची स्वतःची रांग असते. हे न पाहता फक्त क्लोनिंगचे ऑटोमेशन केले, तर तीन आठवड्यांतली दहा मिनिटे वाचतात. असे प्रकल्प मी पाहिले आहेत. डेमो छान होतो आणि वापरणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही.

मंजुरीचा उपाय सोपा आहे, फक्त वरिष्ठांचे मन वळवावे लागते. सर्व्हरचे तीन-चार ठराविक आकार ठेवा आणि मागणीच्या अर्जावरच प्रत्येकाचा महिन्याचा खर्च रुपयांत दाखवा. ठरावीक रकमेच्या खाली अ‍ॅप्लिकेशनच्या मालकाचा होकार पुरेसा धरा. अपवादच वर जावेत. आकडा समोर दिसला की लोक स्वतःहून लहान आकार निवडतात, हा माझा ठाम अनुभव आहे.

आयपीसाठी एक्सेल शीट बंद करा. नेटबॉक्स हे आयपीची नोंद ठेवणारे टूल खुले आणि मोफत आहे. डिजिटलओशन या क्लाउड कंपनीत तयार झालेले हे टूल २०१६ मध्ये मुक्तस्रोत झाले आणि आज बऱ्याच मोठ्या नेटवर्कमध्ये वापरात आहे. त्याच्या एपीआयकडून (प्रोग्रामने त्याच्याशी बोलायच्या सोयीकडून) मोकळा आयपी मागायचा, वापरायचा आणि सर्व्हर गेला की परत करायचा.

फायरवॉल हा नाजूक विषय आहे. नेटवर्क टीमला वळसा घालून जाऊ नका, त्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. दर सर्व्हरमागे नियम मागण्याऐवजी झोन ठरवा: वेब, अ‍ॅप्लिकेशन, डेटाबेस, व्यवस्थापन. झोनांमधली परवानगी एकदा नीट तपासून मंजूर करून घ्या. नवा सर्व्हर झोनमध्ये पडला की त्याचे नियम आपोआप लागू होतात. नेटवर्कवाल्यांचा अधिकार यात कमी होत नाही. झोनांची रचना त्यांच्याच हातात राहते आणि रोजची कटकट मात्र जाते. त्यांना हे पटले की तुमचा सर्वांत मोठा अडसर दूर झाला.

सर्व्हर तयार झाला असे कधी म्हणायचे, हेही लिहून ठेवा. ज्याने मागितला त्याला लॉगिन करता येते, बॅकअपची पहिली फेरी झाली आहे, मॉनिटरिंगमध्ये तो दिसतो आहे आणि पॅच लागले आहेत, तेव्हाच तिकीट बंद. आणि ज्या दिवशी उभारणीचा कोड लिहाल त्याच दिवशी मोडणीचा कोडही लिहा. डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतली) नोंद, डोमेनमधला संगणक, बॅकअपचे काम, मॉनिटरिंग, आयपी, लायसन्स हे सगळे त्यात मोकळे झाले पाहिजे. हा भाग मागे ठेवला तर तो कधीच लिहिला जात नाही.

खर्चाचा धागा इथूनच सुरू होतो, म्हणून टॅगविषयी, म्हणजे सर्व्हरला चिकटवायच्या लेबलांविषयी, जरा सविस्तर लिहितो. बहुतेक कंपन्या पंधरा-वीस टॅगांची यादी करतात. त्यातले दहा रिकामे राहतात आणि उरलेल्यांत विभागाचे नाव पाच प्रकारे लिहिलेले सापडते. मी चारच ठेवतो: अ‍ॅप्लिकेशनचा कोड, एन्व्हायर्नमेंट (चाचणीचे की प्रत्यक्ष वापराचे), मागणीचा तिकीट क्रमांक आणि मुदतीची तारीख. विभाग, कॉस्ट सेंटर (खर्च ज्याच्या खात्यावर पडतो तो गट) आणि मालकाचे नाव टॅगमध्ये मुद्दाम टाकत नाही. विभागांची फेररचना होते, माणसे बदलतात, आणि हजारो रिसोर्सवरचे (मशीन, डिस्क वगैरेंवरचे) टॅग बदलत बसावे लागते. अ‍ॅप्लिकेशनचा कोड मात्र सहसा बदलत नाही. कोणता कोड कोणत्या कॉस्ट सेंटरचा, हे एकाच तक्त्यात ठेवा, तो तक्ता फायनान्सच्या ताब्यात द्या आणि अहवाल काढताना जोडा.

तांत्रिक बारकावे इथे फार त्रास देतात. एडब्ल्यूएसमध्ये टॅगच्या नावात अक्षर लहान की मोठे याला महत्त्व आहे. अझुरमध्ये नावाला नाही, पण टॅगमध्ये भरलेल्या मूल्याला आहे. पुढेमागे गुगल क्लाउड आले तर तिथल्या लेबलांत इंग्रजी मोठी अक्षरे चालतच नाहीत. म्हणून नाव आणि मूल्य दोन्ही सगळीकडे लहान अक्षरांत ठेवा. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअरमध्येही टॅग असतात. तिथे हेच चार प्रकार कॅटेगरी म्हणून बनवा आणि एका व्हीएमला एका कॅटेगरीतला एकच टॅग लागेल असे बंधन घाला. अझुरमध्ये रिसोर्स ग्रुपवर लावलेला टॅग आतल्या रिसोर्सवर आपोआप उतरत नाही, त्यासाठी पॉलिसी लिहावी लागते. एडब्ल्यूएसमध्ये ऑटो स्केलिंग ग्रुपने (भारानुसार मशीन वाढवणाऱ्या-घटवणाऱ्या सोयीने) स्वतः उभ्या केलेल्या मशीनवर टॅग उतरवायचा असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. शिवाय तिथे टॅग लावणे पुरत नाही. मुख्य अकाउंटच्या बिलिंगमध्ये जाऊन तो खर्चाच्या वाटपासाठी चालू करावा लागतो. ही पायरी राहून गेल्यामुळे महिनाभर कोरे अहवाल बघत बसलेल्या टीम मला भेटल्या आहेत.

टॅग सक्तीचे करताना घाई नको. आधी काही आठवडे फक्त मोजा की किती खर्च टॅगशिवाय आहे. रिसोर्सची संख्या मोजू नका, रुपये मोजा. मग अझुर पॉलिसी आणि एडब्ल्यूएसच्या सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीने टॅगशिवाय मशीन बनवणे बंद करा. प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातल्या सिस्टिममध्ये) कन्सोलवरून हाताने काही बनवण्याची मुभा काढून घ्या. त्याच वेळी डेव्हलपरना एक सँडबॉक्स अकाउंट द्या. त्याला बजेटची मर्यादा असावी आणि काही दिवसांनी आतले सगळे आपोआप पुसले जावे. प्रयोग करायला जागाच ठेवली नाही तर लोक पळवाटा शोधतात.

तुमच्या प्रश्नात क्लाउडच्या बिलाची काळजी आहे, पण सहाशे व्हीएम तर नवी मुंबईत आहेत. त्यांचे बिल कोणीच पाठवत नाही, म्हणून ते सगळ्यांना फुकट वाटतात. जोपर्यंत तिथला दर ठरत नाही तोपर्यंत क्लाउड महाग की स्वस्त हा वाद निरर्थक आहे. दर काढायची माझी रीत सांगतो. आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत.

समजा ८ होस्टचा (व्हीएम चालवणाऱ्या यंत्रांचा) क्लस्टर आहे. प्रत्येकात ६४ कोअर आणि १ टीबी रॅम. हार्डवेअरचा घसारा, व्हीएमवेअरचे सबस्क्रिप्शन, एएमसी (वार्षिक देखभाल करार), रॅकचे भाडे, वीज आणि सांभाळणाऱ्या माणसांचा पगार धरून वर्षाला २ कोटी १० लाख, म्हणजे महिन्याला साडेसतरा लाख लागतात. एक होस्ट बिघाडासाठी राखीव, उरले ७. कोअर ४४८, एका कोअरवर ४ व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) धरले तर १,७९२. रॅम मी जादा वाटत नाही, ती ७,१६८ जीबी. क्लस्टर ७५ टक्क्यांपर्यंतच भरायचा असे ठरवले, तर विकण्याजोगे १,३४४ व्हीसीपीयू आणि ५,३७६ जीबी. निम्मा खर्च एकावर, निम्मा दुसऱ्यावर टाकला की व्हीसीपीयूला महिन्याला सुमारे ६५१ रुपये आणि जीबीला १६३ रुपये पडतात. ४ व्हीसीपीयू आणि १६ जीबीचा व्हीएम महिन्याला ५,२०० च्या घरात जातो. डिस्क आणि बॅकअप यांचा दर वेगळा, प्रति जीबी.

यात भागाकार कशाने करायचा हा कळीचा मुद्दा आहे. अनेक जण प्रत्यक्ष वापराने भागतात. मग एक विभाग क्लाउडवर गेला की उरलेल्यांचा दर वाढतो. ते चिडून बाहेर पडतात आणि दर आणखी चढतो. म्हणून ठरवलेल्या क्षमतेने भागा, दर वर्षभर स्थिर ठेवा आणि रिकाम्या क्षमतेचा खर्च इन्फ्रा विभागाच्या नावावर वेगळ्या ओळीत दाखवा. ती ओळ तुम्हाला बोचेल, पण पुढचे होस्ट घ्यायचे की नाही हे तीच सांगते. आणि कोणी म्हणाले की दहा व्हीएम क्लाउडवर हलवून महिन्याला बावन्न हजार वाचवले, तर शांतपणे विचारा की कोणता होस्ट बंद झाला. होस्ट बंद होईपर्यंत काहीच वाचलेले नसते.

घसाऱ्याचा आकडा फायनान्सकडूनच घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट दोनमध्ये सर्व्हर आणि नेटवर्कचे आयुष्य ६ वर्षे धरले आहे, लॅपटॉप-डेस्कटॉपचे ३. तुम्ही प्रत्यक्षात पाच वर्षांनी बदलत असाल तर त्यांच्याशी बोलून एकच आकडा ठरवा. व्हीएमवेअरचा हिशेबही नव्याने मांडा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स विकणे बंद झाले. आता कोअरवर सबस्क्रिप्शन असते आणि दर सीपीयूला किमान १६ कोअर धरतात. कमी कोअरचे जुने होस्ट असतील तर नसलेल्या कोअरचेही पैसे जातात. त्याआधी काढलेला दर आज वापरू नका.

आता क्लाउडकडची बाजू. तिन्ही मोठ्या क्लाउडची बिले वेगवेगळ्या साच्यांत येतात. हा गोंधळ कमी करण्यासाठी क्लाउडच्या खर्चाच्या व्यवस्थापनावर काम करणाऱ्या फिनऑप्स फाउंडेशनने फोकस नावाचा बिलाचा सामाईक साचा केला. त्याची १.० आवृत्ती जून २०२४ मध्ये आली, आणि एडब्ल्यूएस व अझुर दोन्हीकडून आता या साच्यात बिलाची माहिती घेता येते. माझा सल्ला असा की नवी मुंबईच्या व्हीएमच्या ओळीही तुम्ही स्वतः याच साच्यात तयार करा. व्हीसेंटरमधून (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापनाच्या टूलमधून) रोज यादी काढा, वरचा दर लावा आणि त्याच तक्त्यात भरा. मग तिन्ही ठिकाणचा खर्च एकाच क्वेरीत येतो. त्याचे अहवाल दाखवायला तुमच्याकडे असेल ते टूल, उदाहरणार्थ पॉवर बीआय, चालेल.

या साच्यात प्रत्यक्ष बिलाची रक्कम आणि परिणामी खर्च असे वेगळे रकाने आहेत. वर्षभराचे रिझर्व्हेशन (सवलतीसाठी आधीच दिलेली वापराची हमी) एप्रिलमध्ये आगाऊ भरले तर बिलाची रक्कम एप्रिलमध्ये उसळते, पण परिणामी खर्च बारा महिन्यांत पसरतो. फायनान्सचा ताळमेळ पहिल्या रकान्याने करा आणि विभागांना दुसरा दाखवा. जीएसटीचे इनपुट क्रेडिट मिळत असेल तर अहवाल करापूर्वीच्या रकमेत ठेवा. डॉलरच्या दराने झालेली वाढ आणि वापराने झालेली वाढ वेगळी दाखवा, नाहीतर रुपया घसरल्याचा दोष डेव्हलपरच्या माथी येतो.

पहिल्या महिन्यात हमखास सापडणाऱ्या गळती सांगतो. अझुरचे मशीन विंडोजच्या आतून शटडाउन केले तर कंप्युटचे (प्रोसेसर-रॅमचे) पैसे चालूच राहतात, ते डीअलोकेट व्हावे लागते, म्हणजे त्याने अडवलेली क्षमता अझुरला परत जावी लागते. एडब्ल्यूएसमध्ये मशीन बंद असले तरी डिस्कचे पैसे लागतात, आणि मशीन पुसल्यावर मागे राहिलेल्या सुट्या डिस्क तर महिनोन्‌महिने बिलात असतात. १ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट आकार आहे, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. एकटा आकडा किरकोळ वाटतो, शेकड्यांनी पत्ते असले की वाटत नाही. तिथल्या जुन्या जीपी२ प्रकारच्या डिस्क जीपी३ प्रकारात नेल्या तर जीबीचा दर सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो आणि मशीन थांबवावेही लागत नाही.

चाचणीची मशीन रात्री आणि शनिवार-रविवारी बंद ठेवणे हाही चांगला उपाय आहे. आठवड्याच्या १६८ तासांपैकी रोज १२ तास पाच दिवस चालवली तर ६० तासच भरतात, कंप्युटचे जवळजवळ ६४ टक्के वाचतात. मात्र त्याच मशीनवर आधीच रिझर्व्हेशन घेतलेले असेल तर बचत शून्य. नवी मुंबईतले व्हीएम रात्री बंद केल्यानेही खिशात काही पडत नाही.

विभागांकडून लगेच पैसे वसूल करायला जाऊ नका. निदान दोन तिमाह्या नुसता अहवाल दाखवा. पहिल्या अहवालात चुका निघणारच, आणि वसुली चालू असताना निघालेली चूक म्हणजे भांडण. नॅट गेटवे (इंटरनेटकडे जायचा सामाईक मार्ग), डायरेक्ट कनेक्ट आणि एक्सप्रेसरूट (क्लाउडपर्यंतच्या खासगी जोडण्या), लॉग साठवण यांसारखा सामाईक खर्च सुरुवातीला वाटूच नका. त्याची वेगळी ओळ राहू द्या.

जुन्या सहाशे व्हीएमचे काय? ते सगळे टेराफॉर्ममध्ये ओढून आणण्याचा मोह टाळा. आवृत्ती १.५ पासून आयात करणे सोपे झाले आहे हे खरे, पण हाताने घडलेल्या सर्व्हरचा कोड लिहून काहीच सुधारत नाही. त्यांना फक्त चार टॅग लावा. मालक सापडत नसेल तर मुदतीच्या तारखेत पुढचा तिमाही-अखेर घाला आणि सगळ्यांना कळवा. त्या तारखेला नेटवर्क तोडा, पण व्हीएम ठेवा. महिना-दीड महिना आणि एक महिनाअखेर उलटूनही कोणी विचारले नाही, तर बॅकअप घेऊन काढून टाका. वर्षाअखेरीस चालणारी कामे लक्षात घेऊन मार्च-एप्रिलमध्ये हे करू नका. ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची वेळ येईल तेव्हा तोच सर्व्हर नव्या रीतीने उभा करा.

राहिले टूल. मशीन, डिस्क, नेटवर्क उभे करायला टेराफॉर्म आणि आतली मांडणी करायला अ‍ॅन्सिबल, ही जोडी तुमच्या आकाराला पुरेशी आहे. दोन्ही व्हीस्फिअर, एडब्ल्यूएस आणि अझुरशी बोलतात. सर्व्हरच्या तयार नमुन्याची इमेज बनवायला पॅकर. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचे लायसन्स बदलल्यावर त्यातून ओपनटोफू निघाले आणि ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे. कंपनीच्या अंतर्गत वापराला दोन्ही चालतात. मुक्त लायसन्स महत्त्वाचे वाटत असेल तर ओपनटोफू घ्या, पण निर्णय एकदाच घ्या. स्टेट फाइल (काय उभे केले आहे याची टूलने ठेवलेली नोंद) अ‍ॅप्लिकेशन आणि एन्व्हायर्नमेंटनुसार वेगळी ठेवा आणि तिला कुलूप-परवानगी नीट लावा, कारण तिच्यात पासवर्ड उघडे असू शकतात. कोडमधला बदल मंजूर होण्याआधी इन्फ्राकॉस्टसारखे टूल महिन्याचा अंदाज दाखवते. डेटा ट्रान्सफरचा अंदाज त्याला आपोआप येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. मागणीचा अर्ज तुमच्या सध्याच्या तिकीट सिस्टिममध्येच ठेवा. लोकांना नवे पोर्टल शिकवू नका.

मोठे प्लॅटफॉर्म मी कधी घेईन? वर्षभर हे चालवल्यावर, जेव्हा दर ठरलेले असतील, टॅग भरलेले असतील आणि फक्त जोडणीच्या कोडची देखभाल डोईजड होत असेल. त्या वेळी विक्रेत्याच्या डेमोला बसाल तेव्हा नवा सर्व्हर उभा करून दाखवायला सांगू नका, ते सगळ्यांनाच येते. तुमचाच एक चालू व्हीएम काढून टाकायला सांगा. डीएनएस, डोमेन, बॅकअप, मॉनिटरिंग आणि आयपी साफ झाले का ते तपासा, आणि दुसऱ्या दिवशीच्या खर्चाच्या तक्त्यात त्याची ओळ थांबली का ते पाहूनच करारावर बोला.